बार्बाडोस की डेकवरची खुर्ची

एका बाजूला ठाण्याच्या वन्सं, बँकेतून निवृत्त, वय अडुसष्ट. दुसऱ्या बाजूला त्यांचा भाचा, म्हणजे आमचे चिरंजीव, न्यू जर्सीत एडिसनला राहणारे, चाळिशी ओलांडलेले, सोमवार ते शुक्रवार मीटिंगांनी पिळून निघालेले. हिवाळ्यात सगळ्या घराने मिळून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करायची, एवढं ठरलं होतं. कुठली, हे ठरत नव्हतं. म्हातारं माणूस म्हणेल निवांत बसू आणि तरुण म्हणेल हिंडू, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे नेमकं उलटं. व्हिडिओ कॉलवर झालेलं बोलणं जवळजवळ तसंच देते. 'ऐकू येतंय का, दिसतेय का' तेवढं गाळलंय.

भाचा: आत्या, माझं ठरलंय. बेयॉनहून जहाज पकडायचं. घरापासून पाऊण तास. विमान नाही, हॉटेल नाही. बॅगा धक्क्यावर द्यायच्या, आत जायचं आणि झोपायचं. मग फ्लोरिडाचं पोर्ट कॅनाव्हरल, बहामातलं नासाऊ, कंपनीचं स्वतःचं एक छोटं बेट, आणि जाता-येता नुसता समुद्र.

आत्या: बहामा कॅरिबियनमध्ये येत नाही.

भाचा: म्हणजे?

आत्या: म्हणजे अटलांटिकमध्ये आहे. नकाशा काढ. कॅरिबियन समुद्र क्युबाच्या खाली सुरू होतो. तुला भूगोलात किती पडायचे ते मला माहीत आहे. आणि नासाऊ काय तुमच्या हौसेसाठी घेतात होय? अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकन बंदरातून माणसं भरून निघालं आणि कुठल्याच परदेशी बंदराला न शिवता परत आलं, तर चालत नाही. म्हणून जाता जाता नासाऊ.

भाचा: हे तू कुठे वाचलंस?

आत्या: निवृत्त माणसाला वेळ असतो. शिवाय जानेवारीत तिथून निघालास तर पहिला दीड दिवस डेकवर कोट घालून बसशील.

भाचा: बसेन. कोट घालून, हातात कॉफी, फोन बंद.

आत्या: फोन बंद करायला समुद्रात कशाला जायला हवं? बटण असतं त्याला.

इथे सूनबाई हसल्या. चिरंजीव हसले नाहीत.

आत्या: आता माझा कागद वाचते. नेवार्कहून विमानाने सान हुआन, चार तास. प्वेर्तो रिको अमेरिकेचंच, म्हणजे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग नाही. एक दिवस आधी पोचायचं. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही, आणि मला तो जुना भाग बघायचाच आहे. एल मोरोचा किल्ला स्पॅनिशांनी 1539 मध्ये बांधायला घेतला. धक्क्यावरून चालत जाता येतं. तिथून जहाज दक्षिणेला: सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिगा, सेंट लुशिया, बार्बाडोस. सात रात्रींत पाच बेटं.

भाचा: म्हणजे पाच दिवस सकाळी सातला उठून, टोपी घालून, बसमध्ये बसून, गाइडचं ऐकायचं. ही क्रूझ नाही आत्या, ही अष्टविनायक झाली.

आत्या: अष्टविनायकाला तू गाडीत झोपूनच असायचास.

या दोघांचा मुद्दा एकमेकांना न कळण्यासारखा नव्हता. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणारी सात रात्रींची जहाजं साधारण तीन-चार ठिकाणी थांबतात आणि दोन-तीन दिवस नुसता समुद्र कापतात, कारण फ्लोरिडापासून खालची बेटं लांब आहेत. सान हुआन मुळात त्या बेटांच्या माळेच्या वरच्या टोकाला आहे. रात्री जहाज चालतं, सकाळी नवं बेट. समुद्राचा मोकळा दिवस फार तर एखादा. म्हणजे जहाज कोणतं, केबिन कोणती, जेवायला काय, या सगळ्याच्या आधी निघायचं कुठून, यावर आठवडा कसा जाणार ते ठरून जातं. लोक मात्र आधी घसरगुंड्या बघतात. आमच्या नातवानेही तेच केलं. त्याचं मत 'आयकॉन ऑफ द सीज'ला. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं, वीस डेकचं, टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठं. सान हुआनहून सुटणारी जहाजं सहसा मध्यम आकाराची, त्यावर असलं काही नाही, हे कळल्यावर तो खोलीत निघून गेला.

भाचा: एवढं बार्बाडोस का पण?

आत्या: तू विचारलंस म्हणून सांगते. 1971 साली मी शाळेत होते. वाडेकर कप्तान. वेस्ट इंडीजमध्ये आपण त्याआधी एकही मालिका जिंकलेली नव्हती. पेपर आला की बाबांच्या आधी मी उचलायचे. गावस्करचं पहिलंच वर्ष, चार कसोटींत 774 धावा. पण लोक सरदेसाईला विसरतात. मडगावचा माणूस, किंग्स्टनला 212, पोर्ट ऑफ स्पेनला 112, आणि ब्रिजटाउनला, म्हणजे बार्बाडोसला, 150. दुसऱ्या डावात तिथेच गावस्कर नाबाद 117. तो सामना अनिर्णित सुटला, मालिका आपली. माझ्या खात्याचा नंबर विसरेन, हे आकडे विसरणार नाही.

भाचा: हे मला माहीत नव्हतं, सरदेसाईचं.

आत्या: आणि त्याच्या नऊ वर्षं आधीचं माहीत आहे? 1962. ब्रिजटाउनच्या त्याच मैदानावर, केन्सिंग्टन ओव्हलवर, बार्बाडोसच्या संघाविरुद्ध खेळताना ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टरच्या डोक्यात बसला. कवटी फुटली. कप्तान होता तो आपला. रक्त द्यायला कोण पुढे आलं? वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल. आणि आपले उमरीगर, बोर्डे, नाडकर्णी. माणूस वाचला. अरे, मला समुद्रकिनारा नकोय. किनारा अलिबागला आहे. मला ते मैदान बघायचंय.

भाचा: तिथेच 2024 ला रोहितने कप घेतला.

आत्या: 29 जून. खेळपट्टीवरचं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं त्याने. बघितलंस ना? मग कुठल्या तोंडाने म्हणतोस नासाऊ?

भाचा: बघितलं. आणि त्यानंतर सगळी टीम वादळामुळे बार्बाडोसलाच अडकून पडली, विमानतळ बंद, हेही बघितलं. तुझी पाच बेटं वाऱ्यावर अवलंबून आहेत आत्या.

बेरिल ते. चिरंजीवांचा हा मुद्दा मात्र पक्का. अटलांटिकच्या वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्यातला सगळ्यात वाईट काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. 2017 च्या सप्टेंबरमध्ये इर्मा आणि मारिया या दोन वादळांनी सेंट मार्टिन, डॉमिनिका, प्वेर्तो रिको यांची धूळधाण केली. सप्टेंबरातली तिकिटं स्वस्त दिसतात ती उगीच नाही. जहाज वादळाला वळसा घालून जातं, जिवाची भीती फारशी नसते. पण बंदरं बदलतात, आणि करारात तसं बदलायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. बंदराची फी परत येते, केन्सिंग्टन ओव्हल येत नाही. म्हणून नाताळापूर्वीचे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे किंवा नव्या वर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी. हवा कोरडी, वादळं नाहीत, दर मधले. अडचण एकच: मुलांची शाळा. सूनबाई म्हणाल्या, धाकटी पहिलीत आहे, पहिलीत आठवडा बुडाला तर जग बुडत नाही. मला पटलं. थोरल्याच्या शाळेला पत्र लिहायचं काम त्याच्या बापाकडे.

यानंतर वन्सं बँकेत कर्जाचे अर्ज तपासायच्या त्या आवाजात बोलायला लागल्या. मला तो आवाज ओळखीचा आहे.

आत्या: बरं, तुला काय हवंय नेमकं? एका वाक्यात सांग.

भाचा: तलावाशेजारी एक खुर्ची. सावलीतली. कुणी उठवणार नाही अशी.

आत्या: मोठ्या जहाजावर माणसं किती?

भाचा: पाच-साडेपाच हजार. भरलं तर जास्त.

आत्या: आणि ज्या दिवशी नुसता समुद्र, त्या दिवशी ती साडेपाच हजार माणसं कुठे असतात?

भाचा: जहाजावरच. कुठे जातील?

आत्या: तलाव किती, खुर्च्या किती, ते मी विचारत नाही. सकाळी सहाला येऊन टॉवेल टाकून खुर्च्या अडवतात म्हणे लोक. खरं ना?

भाचा: ...खरं आहे. कंपन्या मनाई करतात, पण टाकतात.

आत्या: आता जहाज बार्बाडोसला धक्क्याला लागलं. सकाळचे आठ. सगळे उतरले. मागे कोण राहिलं?

भाचा काही बोलला नाही.

आत्या: उतरायची सक्ती असते का?

भाचा: नाही. तलाव चालू, बुफे चालू, मुलांचा क्लबही चालू. दुकानं आणि कसिनो बंद असतात फक्त.

आत्या: कसिनो बंद, फारच बरं. मग तुझ्यासारख्या झोपाळू माणसाने पाच बंदरांचीच क्रूझ घ्यायला हवी की नको? पाच दिवस रिकामं जहाज. तुझ्या त्या बहामाच्या जहाजावर निम्मा आठवडा गर्दी.

हे मला सुचलं नव्हतं, आणि त्यालाही सुचलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण हरला असं कबूल करेल तर तो आमच्या घरचा कसला.

भाचा: मग सगळे एकत्र जायचं कशाला? तू बेटावर, मी खुर्चीत, मुलं क्लबात. त्यापेक्षा तू ठाण्यात राहा, मी एडिसनला झोपतो.

आत्या: रात्रीचं जेवण एका टेबलावर. रोज. त्यात सूट नाही.

मी: किती वाजता? जहाजावर दोन पाळ्या असतात. एक साडेपाचच्या सुमाराची, एक आठच्या सुमाराची.

आत्या: साडेपाचला चहा घेतात, वहिनी. आठची.

जेवणाची काळजी मी माझ्याकडे घेतली. शाकाहार बुकिंगच्या वेळीच नोंदवायचा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून पुन्हा सांगायचं. मग दुसऱ्या दिवसापासून डाळ-भात-भाजी टेबलावर येऊ लागते, कधी कधी यादीत नसलेलंही. घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत, बंद पाकिटातलं चालतं. म्हणजे चिवडा दुकानातला. वन्संना हे आवडलं नाही. इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीही नको, तेही आवडलं नाही. प्रवासात संकष्टी आली तर चंद्रोदय कुठल्या पंचांगाचा धरायचा, यावर तर अजून निर्णय नाही.

कागदपत्रांचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. आम्हा तिघा म्हाताऱ्यांकडे अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे, चिरंजीव आणि सूनबाईंकडे ग्रीन कार्ड, मुलं अमेरिकन. बार्बाडोससाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही; इतर बेटांचे नियम वेगवेगळे, ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवायचे. पण एडिसनमध्ये अशी कितीतरी मराठी घरं आहेत की नवरा एच-वन-बीवर, नोकरी कायदेशीर, मुक्काम कायदेशीर, फक्त पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. अमेरिकेत राहायला तो लागत नाही. बेटावर जाऊन परत यायला लागतो. कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांच्या आतल्या फेरीला सवलत आहे, तीच सवलत कॅरिबियन बेटांना विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांपुरती, एच-वन-बीला नाही. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाईने पैसे भरण्याआधी वकिलाला एक फोन केलेला बरा.

विमाही तसाच. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खोलीच्या खात्यावर लागतं, आणि हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर आकडा ऐकवत नाही. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात क्रूझ धरली आहे का, ते नीट वाचायचं. वाचायचं काम वन्संचं. अशी कलमं त्यांना कादंबरीसारखी लागतात.

भाचा: आत्या, पैशांचं बोलू. तिकिटाच्या वर रोज माणशी सोळा ते वीस डॉलर टिप लागते. आपण सात, रात्री सात, अठरा धरले तरी 882 डॉलर.

आत्या: ती काढून टाकता येते ना काउंटरवर जाऊन? आपण जाताना हातात देऊ, ज्याने काम केलं त्याला.

भाचा: येते काढता. काढायची नाही.

आत्या: का?

भाचा: कारण ज्याने काम केलं तो तुला दिसतच नाही. खोली आवरणारा दिसतो, वेटर दिसतो. भांडी घासणारा, चादरी धुणारा, रात्री डेक पुसणारा नाही दिसत. त्या पैशांत तेही येतात. सहा-सात महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, रोज दहा तास. फिलिपिनो, इंडोनेशियन, आणि आपले. गोव्याची पोरं किती असतात तुला माहीत आहे? कोकणातली, वसईची.

यावर वन्सं गप्प झाल्या. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घराघरातला एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, बोटीवर असतो. त्याच्या पगारावर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. आमच्या शेजारच्यांचा जावई असाच. मला वाटतं, निवांत आठवडा म्हणून जे विकलं जातं ते या लोकांच्या न निजलेल्या रात्रींचं असतं, आणि 882 डॉलर त्यात फार नाहीत. पण मी बोलले नाही. चिरंजीव बोलले तेवढं पुरे होतं, आणि तो असं काही बोलेल हे मला अपेक्षित नव्हतं.

आत्या: बरं. राहू दे टिप. वरून हातात देऊ ते वेगळं.

मग केबिनी. दर हा दोघांच्या खोलीवर बसवलेला असतो; तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत स्वस्तात येतो, पण एकटं माणूस स्वतंत्र खोलीत गेलं की जवळजवळ दोघांचे पैसे. वन्सं एकट्या. त्यामुळे धाकटी नात वन्संबरोबर, थोरला आई-बापांबरोबर, आणि आम्ही दोघं वेगळे. तिन्ही खोल्या जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर, तिथे हेलकावे कमी. अ‍ॅव्होमिन तरीही पर्समध्ये. मला बाल्कनी हवी होती. बाल्कनी वर असते, महाग असते, आणि यजमानांना पोटात ढवळतं, म्हणून मला गोल खिडकी मिळाली. असो.

भाचा: एक सांगायचं राहिलं. थोरल्याची ती हिरवट ठिपक्यांची लष्करी चड्डी घरी ठेवायची. बार्बाडोसला तसले कपडे साध्या माणसांना घालायला बंदी आहे. लहान मुलांनाही.

आत्या: हे तू कधी वाचलंस? तू तर खुर्चीत झोपणार होतास.

भाचा: आता वाचलं. तुझं ते मैदान धक्क्यापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे. आठला उतरलो तर अकराला परत.

आत्या: म्हणजे तू येणार?

भाचा: एकटी जाऊन काय बघणार तू? फोटो कोण काढणार? पण तेवढंच. सेंट लुशियाला मी उतरणार नाही, आधीच सांगतो.

आत्या: अरे, दोन लाखसुद्धा वस्ती नाही त्या बेटाची, आणि दोन नोबेलवाले दिले त्याने. अर्थशास्त्रात आर्थर लुईस, साहित्यात डेरेक वॉलकॉट. समुद्रातून सरळ वर आलेले ते दोन पिटन डोंगर, युनेस्कोच्या यादीतले.

भाचा: डोंगर डेकवरून दिसले तर बघेन. आणि ते दोघंही वारले, आत्या.

आत्या: तूही झोपलेलाच असणार, फरक काय पडतो? बरं, डिपॉझिट किती? आणि परत मिळतं की नाही?

भाचा: दोन्ही प्रकार आहेत. परत न मिळणारं थोडं स्वस्त.

आत्या: परत मिळणारंच घे. आणि भरायच्या आधी अटींचं पान मला पाठव. आत्ता नको, इथे रात्रीचे साडेदहा झालेत. सकाळी वाचते.